टाकीतला भाऊबंद

जिजीला हळू बोलता येत नसे. आमच्या नवागामच्या गल्लीत तसं ते कुणालाच येत नसे. दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, दिवसरात्र खडखडाट, त्यामुळे शेजारणीकडे चिमूटभर मीठ मागायचं तरी भांडायला निघाल्यासारखं ओरडावं लागे. पण बाकीची माणसं गल्लीबाहेर पडली की आवाज खाली आणत. जिजी आणत नसे. दवाखान्यात कुणाला बघायला गेली तर वॉर्डातले सगळे पेशंट उठून बसत. देवळात ती देवाकडे जे मागे ते पुजाऱ्यासकट सगळ्यांना कळे. एकदा तिने माझ्या लग्नासाठी नवस बोलला आणि पुढे कित्येक दिवस अनोळखी बायका मला भाजीबाजारात थांबवून मुलगे सुचवत होत्या.

ती माझी घरमालकीण, गल्लीतल्या बहुतेकांसारखी खानदेशातून आलेली. सांगलीकडून मी सुरतेला मराठी शाळेवर शिकवायला आले आणि तिच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. खोली दाखवताना तिने खिडकी दाखवली, नळ दाखवला, पंखा फिरवून दाखवला आणि मग जिन्याखालच्या लोखंडी झाकणाकडे बोट करून, विजेचं मीटर कुठे आहे ते सांगावं तसं सांगितलं, "आठे खाले भूत शे. पन तरास देत नही."

"मी भूतखेत मानत नाही," मी म्हणाले.

"नको मानू. त्याले बी काही वाटत नही."

खाली राहणारं भूत एका मास्तरचं होतं आणि वर राहायला आलेली मी शाळामास्तरीण, याची तिला भारी मौज वाटली. येईल त्याला ती सांगे, "मना घरमां वर मास्तरीण, खाले मास्तर. मधमां मी अडाणी." सांगून झालं की पदर तोंडाला लावून हसे, आणि ते हसणंही चार घरं ऐकू जाई.

आता त्या झाकणाविषयी सांगायला हवं. फार पूर्वी त्या जागेवर साड्या रंगवायचं छोटं रंगखातं होतं. तिथे रंग कालवणाऱ्या मुख्य कारागिराला मास्तर म्हणत. त्याला पाणी लागे म्हणून जमिनीखाली मोठी टाकी बांधलेली, चांगली खोलीएवढी, उभं राहिलं तरी डोकं लागणार नाही अशी. पुढे रंगखातं पांडेसऱ्याला, गिरण्यांच्या वसाहतीत गेलं. टाकी कोरडी पडली. वर खोल्या चढल्या आणि त्यातल्या एका खोलीत जिजी नवऱ्याबरोबर संसाराला आली. ती आली तेव्हा कुणा एका शेठने टाकीला विटांच्या पायऱ्या पाडल्या होत्या, गल्लीच्या बाजूने हवेला झरोके फोडले होते आणि आत बाकडी टाकली होती. दारूबंदीच्या राज्यात दारू प्यायची तर ती जमिनीखालीच प्यायला हवी, असा त्याचा साधा हिशेब. त्या जागेला नाव नव्हतं. सगळे नुसतं 'टाकी' म्हणत. "कुठे निघालास?" "टाकीत." एवढ्यात सगळं आलं.

टाकीचा इतिहास जिजी जसा सांगे तसा कुणी राजघराण्याचासुद्धा सांगत नसेल. झाकणावर लाकडी बॉबिनने टकटक केली की दार उघडे. हाताने वाजवलं तर उघडत नसे. पाहुणा आला तरी त्याला नाव विचारायचं नाही, खातं, म्हणजे गिरणीत कुठल्या यंत्रावर आहे ते, विचारायचं. जिगरवाला, स्टेंटरवाला, वारपिंगवाला अशा नावांनीच तिथे माणसं ओळखली जात. धाडीची चाहूल लागली की बाटल्या बाकड्याखालच्या खड्ड्यात जात, भिंतीवरचं कापड बाजूला होऊन मागचा दत्ताचा फोटो पुढे येई, आणि टाकीत भजन सुरू होई. पोलीस येत, पायऱ्यांवर उभं राहून थोडं ऐकत आणि मान डोलावत परत जात. जिजी म्हणे, ते भजन इतकं रंगे की डिंडोलीच्या एका माणसाने टाकीच्या मंडळाला सप्ताहाची सुपारी दिली. मंडळी धुतलेले सदरे घालून गेली. पण शुद्धीवर असताना एकालाही दुसरी ओळ आठवेना.

टाकीच्या भिंतींत जुना राणी रंग मुरलेला होता. जो पाठ टेकून बसेल त्याच्या सदऱ्याला तो लागे. नवरा घरी आला की बायका तोंडाचा वास घेत बसत नसत, त्याला नुसतं वळायला सांगत.

या सगळ्यात जिजीचं काम शेवभाजीचं. तिचं चुलाण टाकीच्या बरोबर वर होतं. तिखटजाळ शेवभाजी, कळण्याची भाकरी, हंगामात वांग्याचं भरीत, असं सगळं टोपलीत घालून ती दोरीने झाकणातून खाली सोडी. रिकामी टोपली वर येई. "मनी शेवभाजी खावाले बठ्ठा पांडेसरा ये," ती छाती पुढे काढून म्हणे. ज्या अड्ड्याने गल्लीतल्या निम्म्या संसारांची वाट लावली त्याविषयी ती इतक्या अभिमानाने कशी बोलू शकते, हे मला आधी कळत नसे. मी एकदा तसं बोलूनही दाखवलं.

"बंद कोनी पाडा मंग?" ती म्हणाली. "मीच ना!"

आणि तिने मला तिच्या मोरीत नेलं. कोपऱ्यात, फुटक्या तांब्याने झाकलेलं, जुन्या लोखंडी नळाचं तोंड होतं. रंगखात्याच्या काळात याच नळातून टाकीत पाणी पडे. भांडी घासताना तिला त्या नळातून खालचं सगळं ऐकू येई. कोण रडतो, कोण गातो, कोण रोज नव्याने दारू सोडल्याची शपथ घेतो, सगळं. गल्लीतल्या कुठल्याही प्रतिष्ठित गृहस्थाविषयी विचारावं, जिजी एका शब्दात निकाल देई, "रडे." किंवा "गाये." त्यापुढे मात्र तिने कधी कुणाचं काही सांगितलं नाही. नळातून ऐकलेलं होतं ते, ती म्हणे, तोंडावर ऐकलेलं नाही.

एका संध्याकाळी तिचा संजू, तेव्हा तान्हा, तापाने फणफणला होता. ती नवऱ्याची वाट बघत होती आणि नवरा पाळी सुटल्यावर घरी न येता परस्पर खाली जाऊन बसला होता. त्याचं हसणं तिला नळातून ऐकू आलं. पोराला कडेवर घेऊन ती मोरीत वाकली आणि नळाला तोंड लावून तिने तिच्या त्या आवाजात विचारलं, "घर सांगीसन उना का रे?"

टाकीत तो आवाज चारी भिंतींतून एकदम आला. त्या आवाजात बाई की पुरुष काही कळायला मार्ग नव्हता. आणि प्रश्न असा की खाली बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्यालाच विचारलाय असं वाटावं, कारण घरी कुणीच सांगून आलेलं नव्हतं. सगळे पायऱ्यांवर एकमेकांना तुडवत वर आले. सगळ्यात आधी आला तो तिचा नवरा. पांढराफटक पडून तो तिला सांगत होता, रंगखात्याचा गेलेला मास्तर टाकीत आहे, त्याने मला विचारलं. जिजीने पोर त्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मंग ऐक त्यानं."

त्याने ऐकलं. पुन्हा तो खाली गेला नाही. पुढे ज्याला त्याला टाकीत काही ना काही ऐकू यायला लागलं, गिऱ्हाईक तुटलं आणि शेठ बाकडी तिथेच टाकून निघून गेला. गंमत म्हणजे तो मास्तर टाकीत बुडून वगैरे मेलेलाच नव्हता. तो आपल्या गावी, आपल्या खाटेवर, मुलंबाळं उशापायथ्याशी असताना गेला होता. पण गल्लीने त्याला टाकीत आणून बसवला तो कायमचा.

"म्हणजे भूत तुम्हीच," मी म्हणाले.

"मी एकच डाव इचारं," जिजी गंभीरपणे म्हणाली. "बाकीना टाइम त्यानीच इचारं."

इथे जिजी मला खरी दिसली. भूत तिने स्वतः केलेलं होतं, कसं केलं तेही ती सांगत होती, आणि तरी ते आहे याविषयी तिला शंका नव्हती. केलं आपण, मग त्याचं बघायचंही आपणच, असा तिचा हिशेब. उन्हाळ्यात ती नळातून त्याच्यासाठी तांब्याभर पाणी ओती. दिवाळीला झाकणावर पणती ठेवी. आणि कानबाईच्या रोटात तिने त्याची मूठ धरली होती.

कानबाई ही खानदेशची देवी. सांगलीकडच्या मला ती माहीत नव्हती. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती घरोघर येते. नारळाला नथ, दागिने घालून तिला चौरंगावर बसवतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तापीवर नेतात. तिचा नैवेद्य म्हणजे रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, दळायचे, त्याच्या पोळ्या करायच्या, आणि त्या फक्त भाऊबंदांनी खायच्या. बाहेरच्याला त्यातला घाससुद्धा चालत नाही. मी जिजीच्या घरची लेक म्हणून वावरत असे, पण रोट चालू असले की माझं ताट वेगळं. अशा रोटात, नाव घेत घेत गहू मोजताना, एका वर्षी मास्तरचंही करायच्या सवयीने जिजीचा हात पुढे गेला आणि तिने एक मूठ जास्त घातली. "ही कोनी?" जाऊबाईने विचारलं. "मास्तरनी," जिजी म्हणाली. जाऊबाईने कपाळाला हात लावला. पण घातलेली मूठ परत काढता येत नाही. तेव्हापासून दर श्रावणात मास्तरची मूठ पडत राहिली. एका वर्षी जिजी विसरली तर भटू आप्पाने स्वतः आठवण केली. भटू आप्पा म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, भाऊबंदातला थोरला, आणि त्या संध्याकाळी टाकीतून वर आलेल्यांपैकी दुसरा.

अशा रीतीने सगळं सुरळीत चाललं होतं. मग पल्लवी बारावीला गेली.

पल्लवी ही संजूची मुलगी, जिजीची नात. हुशार, चिवट पोर. पण घरात एकच खोली आणि भिंतीपलीकडे लूम. ती कानात कापूस घालून वाचे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसे. एकदा मी तिला कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून, मोबाइलच्या उजेडात फिजिक्स करताना पाहिलं. घामाने निथळत होती. गल्लीतल्या आणखी चारपाच मुलींची हीच गत.

"टीचर, वाचते मी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "पण वाचताना आपला आपल्याला जो अंदरथी आवाज येतो ना, तोच ऐकू येत नाही मला."

जिजी दारात उभी होती. तिने हे ऐकलं. ती गेली आणि टाकीच्या झाकणाजवळ बसून राहिली. संध्याकाळी तिने जाहीर केलं की पोरी खाली टाकीत बसून अभ्यास करतील. तिथे लूमचा आवाज येत नाही. तिच्या घरच्या माणसांनी तो शोध फार पूर्वीच लावलेला आहे.

आता दोन अडचणी होत्या. एक संजू. त्याने टाकीत डेब्रिज भरून घेऊन, वर पक्की लादी टाकून, तिथे दोन लूम बसवायचं ठरवलं होतं. ठेकेदाराशी बोलणं झालेलं. "माय, टेन्शन नको लेऊ," तो म्हणे, "दिवाळीआधी टाकीच बंद. ना रहेगी टाकी, ना भूत." दुसरी अडचण ते भूत. एकाही मुलीची आई तिला खाली पाठवायला तयार नव्हती. जिजीने ज्याला इतकी वर्षं पाणी पाजलं, पोळ्या खाऊ घातल्या, तोच आता तिच्या नातीच्या वाटेत पाय पसरून बसला होता.

जिजीने खरं सांगून टाकायचं ठरवलं. तिला हे सोपं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. नवरा मरेपर्यंत तिने त्याला सांगितलं नव्हतं. आपण भुताच्या तावडीतून सुटून आलो, हे तो म्हातारपणी नातवंडांना सांगायचा, आणि ती शेजारी बसून हुंकार द्यायची. पण तिने गल्ली गोळा केली आणि झाकणाजवळ उभी राहून सगळं सांगितलं. नळ, ताप आलेलं पोर, सगळं.

कुणीही विश्वास ठेवला नाही.

"जिजी, तू भूत?" भटू आप्पा म्हणाला. "अवं, मी सोता आयकेल शे. गडी मानूसना आवाज व्हता तो!" बाकीच्या म्हाताऱ्यांनीही माना हलवल्या. त्यांचं बरोबर होतं. भुताला भिऊन पळालो हे सांगता येतं. जिच्या हातची शेवभाजी खात होतो त्या बाईला भिऊन पळालो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

जिजी भडकली. "थांबा आठेच," म्हणाली आणि तरातरा मोरीत गेली. झाकण उघडं होतं. आम्ही सगळे कडेने उभे. आणि खालून, काळोखातून, तो आवाज आला. "घर सांगीसन उना का रे?" काय होणार हे मला आधीपासून माहीत होतं, मी भुताखेतांना न मानणारी बाई, आणि तरी मी कोपऱ्यावरच्या पानाच्या टपरीपर्यंत पोचल्यावरच थांबले. थांबले तेव्हा माझ्यापुढे भटू आप्पा होता.

जिजी बाहेर आली तर अंगणात कुणी नव्हतं. आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत नवीन कथा तयार होती. जिजी मोरीत गेली, इकडे मास्तर बोलला, म्हणजे मास्तर आता जिजीच्या अंगातच येतो. जाऊबाई लिंबू-मिरची घेऊन आली आणि लांबूनच ठेवून गेली.

मला वाटलं, संपलं. जिजी दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "मास्तरीण, मी कानबाई खाले बठाडस."

"टाकीत?"

"टाकीमां. देवी जठे बठनी तठे डेब्रिज कोन टाकी? आनि जठे देवी बठनी तठे जावाले कोन भिई?"

कल्पना अशी होती की मी तिच्याकडे बघतच राहिले. पण मला लगेच अडचणही दिसली. भाऊबंद हे चालू देणार नाहीत. दारूच्या जागेत देवी? जिजी म्हणाली, ते मी बघते.

रोटाचे गहू निवडायच्या दिवशी सगळं भाऊबंद अंगणात जमलं. जिजीने विषय काढला आणि व्हायचं तेच झालं. बायका कुजबुजल्या, म्हाताऱ्यांनी डोकं हलवलं. भटू आप्पाने सगळ्यांच्या वतीने सुनावलं, "दारूनी जागा ती. भूतनी जागा. तठे कानबाई माय बठाडशी? भाऊबंदना घर सोडीसन कानबाई दुसरं कोठे बठत नही."

जिजी गहू निवडत होती. तिने मान वर केली नाही. तिने विचारलं, "ती जागा कोनी, आप्पा?"

"मास्तरनी."

"मास्तरना रोट कोना घर व्हतस?"

"तुना घर."

"त्यानी मूठ मी एक साल इसरी गयथू. आठवन कोनी दिन्ही?"

आप्पा गव्हातले खडे बघू लागला.

"कोनी दिन्ही, आप्पा?"

"मी," आप्पा म्हणाला.

"मंग इतला साल तुम्ही बठ्ठा त्याना संगे एकच रोट खाई राहिनात," जिजी म्हणाली, आणि आता तिने मान वर केली. "रोट तं भाऊबंदच खातस ना? मंग तो कोन व्हयना तुमना? भाऊबंद व्हयना. आनि भाऊबंदना घर कानबाई बठस का नही, तूच सांग."

रोटाचा नियम सगळ्यांना पाठ होता. त्यात कुठे फट दिसते का हे प्रत्येक जण मनातल्या मनात चाचपत होता. शेवटी जाऊबाईने एक काढली. "भाऊबंद ते खरं. पन भूतच ना तो? बाधना तं?"

"भाऊबंद जिता असतस तवय काय कमी बाधतस?" जिजी म्हणाली.

आधी संजू हसला. मग बायका हसल्या. मग भटू आप्पाला ठसका लागला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन तो म्हणाला, टाकी आधी धुवून घ्या. एवढ्यावर निकाल लागला. मी आयुष्यात सभा पुष्कळ पाहिल्या, पण इतका स्वच्छ विजय पाहिलेला नाही.

टाकी संजूने दोन मित्रांना घेऊन, भर दुपारी, खिशात देवाचा अंगारा ठेवून धुतली. चुना मारला. राणी रंग चुन्यातूनही वर आला आणि भिंती फिकट गुलाबी झाल्या. त्याने वायर खाली नेऊन दिवे लावले, झरोक्यात पंखा बसवला. तोवर त्याच्या तोंडून डेब्रिजचा शब्द निघणं बंद झालं होतं.

रविवारी दुपारी अख्खी गल्ली नटून उभी होती. हलगी वाजत होती. चौरंग आधीच खाली गेला होता. देवी खाली न्यायचा मान घरातल्या थोरल्या बाईचा. जिजी नवी साडी नेसून, कानबाईचा नारळ ओंजळीत धरून झाकणाशी आली. पहिल्या पायरीशी थांबली. मी तिच्या शेजारी होते. बराच वेळ झाला तरी तिचा पाय उचलेना.

"काय झालं जिजी?"

"मी कधी खाले गेल नही," ती म्हणाली.

मला कळेचना. मग लक्षात आलं. बायका टाकीत जात नसत. शेवभाजी दोरीने उतरे. आवाज नळाने. जिने टाकीचा सगळा इतिहास मला सांगितला, जिच्या एका वाक्याने टाकी बंद पडली, तिने टाकी आतून पाहिलेलीच नव्हती. सगळ्या आयुष्यात भुताचं घर तिने फक्त वरून सांभाळलं होतं.

"माले भ्या वाटस," जिजी माझ्या कानात म्हणाली. ते अर्थातच गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. हलगी थांबली. मी पाहिलं, भटू आप्पाचं तोंड आ वासलेलं. त्याच्या बायकोच्या तर डोळ्यांतच पाणी आलं. कुणी हसलं नाही. मला त्या क्षणी जिजीचा हात धरून तिला घरात घेऊन जावंसं वाटलं. पण पल्लवी मागून पुढे आली, दप्तर पाठीला तसंच, आणि आजीच्या पाठीशी उभी राहिली. नुसती उभी राहिली.

जिजीने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग ती टाकीच्या तोंडाशी वाकली आणि खाली बघून, होता नव्हता तो आवाज लावून ओरडली, "मास्तर! मी घर सांगीसन येस!"

आणि उतरली. एकेक पायरी पावलाने चाचपत, नारळ छातीशी धरून, उतरली. तिच्यामागे पल्लवी, मग मी, मग जाऊबाई, मग गल्लीतल्या बायका, नऊवारीवाल्या, सहावारीवाल्या, ड्रेसवाल्या, गाणी म्हणत, एकमेकींच्या खांद्याला धरून. ज्या जागेने त्यांच्या नवऱ्यांच्या, बापांच्या, सासऱ्यांच्या संध्याकाळी गिळल्या, ती जागा त्यांनी पहिल्यांदा पाहिली. एक म्हातारी भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "हाऊ रंग. मी याले कितला डाव धुयेल शे." आणि तिने बाजूला उभ्या असलेल्या सुनेला धरून हसायला सुरुवात केली. सगळ्यांत शेवटी पुरुष उतरले. कानबाई बसली. नथ घातलेली, झेंडूत बुडालेली, त्या गुलाबी भिंतींमध्ये अशी शोभत होती की टाकी तिच्यासाठीच बांधली होती म्हणावं. मास्तरचा रोट तिच्यापुढे वेगळा ठेवला होता. तो नंतर भटू आप्पाने खाल्ला, भाऊबंद म्हणून.

सोमवारी सकाळी देवी तापीवर गेली. परत आलो तेव्हा दुपार झाली होती. सगळे दमून घरोघर पडले. पल्लवीने मात्र तोंड धुतलं, पुस्तकं घेतली आणि खाली गेली. तिच्यामागून गल्लीतल्या बाकीच्या मुली, एकेक करून, चटया घेऊन. त्यांच्या आया दारात उभ्या राहून बघत होत्या, पण कुणी हाक मारली नाही. "खाले कोनी काही इचारं तं मी शे," असं म्हणत जिजीही उतरली. मीही गेले.

खाली पोचल्यावर जिजी मुलींना काही सांगणार होती. तिने तोंड उघडलं आणि थांबली. इकडेतिकडे पाहिलं. काय चुकतंय हे तिला कळत नव्हतं. मग तिने भिंतीला कान लावला.

"लूम बंद शे का?" तिने विचारलं.

"चालू आहेत जिजी. इथे ऐकू येत नाहीत."

लग्न होऊन त्या गल्लीत आल्यापासून झोपेत, बाळंतपणात, नवरा गेला त्या रात्रीसुद्धा जो खडखडाट तिच्या कानात होता, तो तिथे नव्हता. ती माझ्याशी पुढे जे बोलली ते इतकं हळू की मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. "कितलं बरं वाटस," एवढंच म्हणाली. तो तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बारीक, थोडा बसका, आणि फार गोड होता.

मग तिने शेठने टाकून दिलेल्या बाकड्यावर पदर अंथरला आणि आडवी झाली. क्षणात झोप लागली तिला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पल्लवीने ओठांवर बोट ठेवलं, पुस्तक उघडलं, आणि पान उलटताना त्याचाही आवाज होऊ नये म्हणून ते दोन बोटांनी, अगदी सावकाश, उचललं.